दहावीपासून परवान्यापर्यंत: खान्देशातून इलेक्ट्रिशियन होण्याची वाट

दहावीचा निकाल लागला की आमच्या चोपडा तालुक्यात पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पोराला आयटीआयला टाका, इलेक्ट्रिशियन होईल." सल्ला चांगला आहे. पण आयटीआय म्हणजे या रस्त्याचा निम्माच टप्पा आहे, हे सांगणारं कोणी भेटत नाही. मी आधी मोटार भरण्याच्या (रिवाइंडिंगच्या) दुकानात राबलो, मग सरकारी आयटीआय केलं, भुसावळला शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) केली, वायरमनचा परवाना काढला आणि आता स्वतःची ठेकेदारी आहे. मधे माझं एक अख्खं वर्ष एका कागदापायी वाया गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. यात दोन वेगवेगळे कागद आहेत. आयटीआयचं प्रमाणपत्र हा तुम्ही काम शिकल्याचा पुरावा. परवाना म्हणजे लोकांच्या घरात, शेतात, कारखान्यात विजेचं काम करण्याची कायदेशीर मुभा. पहिला मिळाला म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही. आमच्या भागात हाताने उत्तम काम करणारी कितीतरी मुलं पहिल्या कागदावरच थांबली आहेत, आणि दहा-दहा वर्षं दुसऱ्याच्या सहीवर काम करताहेत.

१. ट्रेड ठरवा: वीजतंत्री की तारतंत्री

प्रवेशाच्या यादीत तुम्हाला 'इलेक्ट्रिशियन' हा शब्द कदाचित दिसणारच नाही. तिथे 'वीजतंत्री' लिहिलेलं असतं, आणि वायरमनला 'तारतंत्री'. जोडारी म्हणजे फिटर, संधाता म्हणजे वेल्डर. दरवर्षी कोणीतरी या नावांत गोंधळून भलताच विकल्प भरतो.

दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. वीजतंत्रीला दहावी पास हवी, विज्ञान आणि गणित घेऊन. तारतंत्रीला आठवी पासवरही प्रवेश मिळतो. वय किमान १४ पूर्ण हवं. वीजतंत्रीमध्ये वायरिंगसोबत मोटार, ट्रान्सफॉर्मर, जनित्र, वायंडिंग, कंट्रोल पॅनल असा मोठा पसारा शिकवतात, तर तारतंत्रीचा भर वायरिंगवर आणि वीजवाहिनीच्या कामावर असतो. दहावीला बरे गुण असतील तर वीजतंत्रीच घ्या. शेतपंप, एमआयडीसी, रेल्वे, सोलर या सगळीकडे तो चालतो. मुलींनी तर जरूर घ्यावा. सरकारी आयटीआयत त्यांच्यासाठी राखीव जागा असतात. पॅनल वायरिंगच्या नेटक्या कामात मुलींचा हात किती स्वच्छ बसतो, हे मी शिकाऊ उमेदवारीत शेजारच्या टेबलावर रोज पाहिलं आहे.

२. कागदपत्रं निकालाआधीच गोळा करा

प्रवेशासाठी साधारण एवढं लागतं:

- दहावीची गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड आणि आधारला जोडलेलं बँक खातं
- रहिवास दाखला
- लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र
- उत्पन्नाचा दाखला (महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करताना लागतो)
- पासपोर्ट आकाराचे फोटो आणि चालू असलेला मोबाइल नंबर

तहसीलचे दाखले सेतू केंद्रावर निकालानंतर काढायला गेलात तर रांगेत अर्धा तालुका उभा असतो. एप्रिलमध्येच अर्ज टाका. आणि मोबाइल नंबर घरचाच द्या, नेटकॅफेवाल्याचा देऊ नका. पुढची दोन वर्षं ओटीपी त्याच नंबरवर येणार आहेत.

आता माझ्या वाया गेलेल्या वर्षाबद्दल. शाळेच्या दाखल्यावर माझ्या वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, आधारवर नव्हतं. आयटीआयच्या प्रवेशाला कोणी हरकत घेतली नाही, म्हणून मी निर्धास्त राहिलो. दोन वर्षांनी शिकाऊ उमेदवारीची नोंदणी करताना पोर्टलवर नाव जुळेना. आधार दुरुस्त होऊन येईपर्यंत त्या आस्थापनेची भरती बंद झाली. पुढची बॅच वर्षभराने. म्हणून आजच गुणपत्रिका, दाखला आणि आधार शेजारी-शेजारी ठेवा आणि तुमचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा.

३. प्रवेश अर्ज आणि विकल्प

महाराष्ट्रात आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतात. ओळीने जायचं ते असं: नोंदणी करा, अर्ज भरा, शुल्क भरा, जवळच्या सरकारी आयटीआयत मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित करून घ्या, मग विकल्प भरा. अर्ज निश्चित केला नाही तर तो गुणवत्ता यादीत येतच नाही. शुल्क भरलं म्हणजे झालं, असं समजून घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

विकल्प म्हणजे कोणत्या आयटीआयत कोणता ट्रेड हवा त्याची क्रमवारी. इथला मोठा सापळा पहिल्या क्रमांकाचा. पहिला विकल्प मिळाला की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर पडतं. म्हणून मित्राने भरला म्हणून किंवा 'बघू तरी' म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही टाकू नका.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शहरांसोबत तालुक्यांच्या गावीही सरकारी आयटीआय आहेत. जळगावलाच जायचं असा हट्ट धरू नका. तालुक्याच्या आयटीआयत बॅच लहान असेल तर मशीनवर हात ठेवायला जास्त वेळ मिळतो. फक्त एक हिशेब करा: सकाळची एसटी किती वाजता आणि ती पावसाळ्यात वेळेवर येते का. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि आमच्या वर्गातल्या अडलेल्यांपैकी बहुतेक एसटीमुळे अडले होते.

४. खाजगी संस्थेत जात असाल तर

सरकारी जागा मिळाली नाही म्हणून खाजगी आयटीआय घेण्यात काही वाईट नाही. पण संस्थेला मान्यता आहे एवढं विचारून थांबू नका. विचारायचं ते असं: वीजतंत्री या ट्रेडच्या याच तुकडीला मान्यता आहे का? एखाद्या संस्थेला फिटरची मान्यता असते आणि इलेक्ट्रिशियनची नसते. माझ्या मावसभावाने अशाच एका ठिकाणी पैसे भरले. दोन वर्षांनी हातात आलं ते संस्थेच्याच शिक्क्याचं रंगीत प्रमाणपत्र. कोणत्याही भरतीत ते चाललं नाही. पैसे भरण्याआधी जवळच्या सरकारी आयटीआयत जाऊन संस्थेचं नाव आणि ट्रेड सांगा, ते तपासून सांगतात.

'सहा महिन्यांत इलेक्ट्रिशियन' अशा पाट्यांबद्दलही बोलतो. छोटे कोर्स हात साफ करायला बरे असतात. मात्र ते आयटीआयच्या दोन वर्षांनंतर मिळणाऱ्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राची जागा घेत नाहीत, आणि मोठ्या भरत्यांच्या जाहिरातीत तेच प्रमाणपत्र मागितलेलं असतं.

५. आयटीआयची दोन वर्षं

पहिले काही आठवडे तुमच्या हातात कानस आणि हॅकसॉ देतील. लोखंडाचा तुकडा घासत बसावं लागेल आणि वाटेल, वीज कुठे आहे? करा ते मन लावून. पुढे पॅनलचा पत्रा कापताना, केबल ग्लँडसाठी भोक पाडताना तोच हात कामाला येतो. मग येतात तारांचे जोड: पिगटेल, टी-जोड, मॅरीड जोड, ब्रिटानिया जोड. जोड सैल राहिला तर तो तापतो, तापला की इन्सुलेशन जळतं, आणि घराला लागलेल्या आगीचा माग शेवटी त्या एका जोडापाशी जाऊन थांबतो.

परीक्षेत प्रात्यक्षिकाला किमान ६० टक्के लागतात आणि बाकी विषयांना ३३. म्हणजे पास-नापास वर्कशॉपमध्येच ठरतं. सर शिकवत असताना मागे उभे राहू नका. पाच जणांच्या गटात एकजण जोडणी करतो आणि चौघं बघतात, असं होतं. रोज तो एकजण व्हा. स्टार-डेल्टा स्टार्टरची (मोटार आधी 'स्टार' आणि मग 'डेल्टा' जोडणीत चालवणाऱ्या स्टार्टरची) जोडणी न बघता करता आली पाहिजे. सुरू होताना मोटार स्टारमध्ये असल्यामुळे लाइनमधून थेट जोडणीच्या साधारण एक तृतीयांश करंट ओढला जातो. हे का होतं, ते वहीत काढून समजून घ्या. मोठ्या मोटारी असलेल्या कारखान्यात मुलाखतीला हमखास विचारतात.

अर्थिंग पुस्तकात दोन पानांत संपतं, आपल्याकडे ते जमिनीवर शिकावं लागतं. प्लेट अर्थिंगला ६० बाय ६० सेंटीमीटरची प्लेट, तांब्याची असेल तर ३.१५ मिलिमीटर जाड, जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) असेल तर ६.३. भोवती कोळसा आणि मीठ. हे झालं पाठ करायचं. पण तापीकाठची काळी माती एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढी भेगाळते. ओलावा गेला की अर्थचा रोध वाढतो, आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग नेमकं उन्हाळ्यात काम देत नाही. खड्ड्याला पाणी घालायचं फनेल ठेवणं आणि घरमालकाला ते वापरायला सांगणं, हाही तुमच्या कामाचाच भाग आहे.

६. हात लावण्याआधी

क्रमाने पाहिलं तर इथे शिकाऊ उमेदवारी यायला हवी, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

मोटार भरण्याच्या दुकानात मी सतरा वर्षांचा होतो. माझे उस्ताद मूळचे साक्रीकडचे. केळीच्या बागेत पाच एचपीची मोटार घुरघुरतेय म्हणून आम्ही गेलो. तीनपैकी एका फेजचा फ्यूज उडालेला होता. स्टार्टरचं हँडल खाली पडू नये म्हणून शेतकऱ्याने सुतळीने बांधून ठेवलेलं. मी विचार केला, या फेजचा फ्यूज तर गेलेलाच आहे, म्हणजे इथे करंट नाही. नवी तार गुंडाळायला किटकॅटच्या (फ्यूज बसवायच्या चिनीमातीच्या खाचेच्या) खालच्या टोकाकडे हात नेला. उस्तादांनी माझं मनगट धरलं आणि त्याच टोकाला टेस्टर लावला. टेस्टर लाल पेटला.

फ्यूज नाही, तरी वीज आली कुठून? मोटारच्या आतून. बाकीचे दोन फेज चालू होते आणि वायंडिंगमधून फिरून वीज तिसऱ्या टोकापर्यंत आलेली होती. उस्ताद एवढंच म्हणाले, "पोऱ्या, पयले मेन पाड, मंग हात लाव." ते मनगट त्यांनी धरलं नसतं तर हा लेख लिहायला मी नसतो.

दुसरा धोका ऑटोस्विचचा. शेतीला बऱ्याच ठिकाणी वीज पाळीपाळीने, कधी रात्री येते, म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. तुम्ही दुपारी 'लाईट नाहीये' म्हणून स्टार्टर उघडून बसलात आणि तेवढ्यात पुरवठा आला, तर सावरायला क्षणही मिळत नाही. म्हणून लाईट गेलेली असली तरी मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, आणि मगच पेटी उघडायची. केवळ टेस्टरवर विसंबू नका. तिन्ही फेज आपसात आणि न्यूट्रलशी मल्टीमीटरने तपासा, आणि त्याआधी तो मीटर चालू लाइनवर लावून तो स्वतः बरोबर दाखवतोय ना ते पाहा.

आणि तिसरं. गावोगावी 'झिरो वायरमन' असतात. कुठलीही नेमणूक नाही, विमा नाही, हातमोजे नाहीत, पण डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) चढतात, डीओ (त्याचे ड्रॉप-आउट फ्यूज) टाकतात, खांबावर जोड मारतात. पोरांना त्यात मान वाटतो, कारण रात्री-अपरात्री अख्खं गाव हाक मारतं. कृपा करून हे करू नका. खांबावरचं काम ज्याची नेमणूक आहे त्यानेच, लाइन बंद केल्याची खात्री करून करायचं असतं. झिरो वायरमनला काही झालं तर त्याच्या घरच्यांच्या हातात दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नसते.

७. शिकाऊ उमेदवारी टाळू नका

आयटीआय झाल्यावर बहुतेक मुलं थेट कामाला लागतात, कारण शिकाऊ उमेदवारीत पगार नसतो, विद्यावेतन असतं, आणि ते कमी वाटतं. हे वर्ष सोडू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली हे प्रशिक्षण होतं, शेवटी परीक्षा असते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. आयटीआयत मोटार टेबलावर ठेवलेली असते. इथे ती चालू कारखान्यात असते आणि बंद पडली की चार माणसं तुमच्या डोक्यावर उभी राहतात. ते शिक्षण दुसरीकडे मिळत नाही.

या बाबतीत खान्देश नशीबवान आहे. भुसावळला मध्य रेल्वेचं इलेक्ट्रिक लोको शेड आणि इंजिनांच्या दुरुस्तीचा कारखाना आहे, दीपनगरला महानिर्मितीचं औष्णिक केंद्र आहे, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहे. शिवाय महावितरण, जळगाव आणि धुळ्याची एमआयडीसी, शिरपूरकडच्या गिरण्या. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत. सगळीकडे दरवर्षी जागा निघतीलच असं नाही, म्हणून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर निकाल लागताच नोंदणी करा आणि आयटीआयतल्या बीटीआरआय केंद्रात (शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणाचं काम पाहणाऱ्या विभागात) चौकशी ठेवा.

रेल्वेतली निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर होते, वेगळी लेखी परीक्षा नसते. म्हणजे दहावीचे गुण तिथे पुन्हा मोजले जातात. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना रेल्वेच्या लेव्हल-१ (सगळ्यात खालच्या वेतनस्तराच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. नोकरीची ती हमी नव्हे, परीक्षा द्यावीच लागते.

रुजू होताना करार पोर्टलवर नोंदला गेला का, ते पहिल्याच आठवड्यात स्वतः तपासा. करार नोंदलेला नसेल तर तुम्ही तिथे कागदोपत्री नाहीच. वर्ष राबूनही परीक्षेला बसता येत नाही.

८. परवाना

सुरक्षेच्या नियमांनुसार विजेच्या मांडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यायचं असतं. यातच तीन पायऱ्या आल्या: वायरमन, पर्यवेक्षक, ठेकेदार. महाराष्ट्रात हे परवाने राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात. लोक अजूनही वायरमनच्या परीक्षेला 'पीडब्ल्यूडीची परीक्षा' म्हणतात.

अर्जाला आयटीआयचं प्रमाणपत्र, शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा आणि फोटो तयार ठेवा. तुमच्या शिक्षणानुसार परीक्षेतून सूट मिळते की बसावं लागतं, हे विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. एजंटला विचारू नका. अनुभवाचा दाखला परवानाधारक ठेकेदाराचाच घ्या, त्यावर त्याचा परवाना क्रमांक असू द्या, आणि खरोखर केलेल्या कामाचाच घ्या. ज्या दुकानात काम करताय तिथून निघण्याआधीच तो मागा. दोन वर्षांनी मागायला गेलात तर मालक ओळख दाखवत नाही.

वायरमनचा परवाना आला म्हणजे स्वतःच्या नावावर ठेका घेता येतो, असं नाही. तुम्ही ठेकेदाराच्या हाताखालीच काम करू शकता. काही वर्षांच्या कामानंतर पर्यवेक्षकाच्या परीक्षेला बसता येतं. ठेकेदारीसाठी पर्यवेक्षक, वायरमन, कार्यालयाचा पत्ता आणि मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर), अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर (तारेभोवती पकडून करंट मोजणारा मीटर) यांसारखी उपकरणं दाखवावी लागतात. नव्या वीजजोडणीला लागणारी टेस्ट रिपोर्ट ठेकेदाराच्याच सहीने जाते. मेगर न लावता आकडे भरून सही करणारे आहेत. तुम्ही तसं करू नका. त्या घरात उद्या लहान मूल फ्रीजला हात लावणार असतं.

ज्यांना अजून शिकायचं आहे त्यांनी हेही लक्षात ठेवा: दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय केलं की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पर्यवेक्षकाच्या पायरीपर्यंत जायला ती वाट जवळची.

९. पहिली हत्यारं

एकदम सगळी घेऊ नका. सुरुवातीला एवढी पुरेत: १००० व्होल्ट इन्सुलेशनची पक्कड, टेस्टर, तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, वायर स्ट्रिपर, चाकू, हॅकसॉ, हातोडी, टेप आणि बरा मल्टीमीटर. पैसे आले की टाँग टेस्टर, मग क्रिम्पिंग टूल, शेवटी मेगर. पक्कड आणि मीटर यांत पैसे वाचवू नका. फूटपाथवरच्या स्वस्त पकडीचं प्लास्टिक मेमधल्या भुसावळच्या उन्हात सैल होऊन मुठीतून सरकतं. पायात रबरी तळव्याचे कोरडे बूट घाला. केळीच्या बागेत चप्पल घालून स्टार्टरपाशी जाऊ नका, ठिबकमुळे तिथली जमीन बारा महिने ओली असते.

परवान्याला मुदत असते आणि ती संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपलेल्या परवान्यावर केलेली सही धरली जात नाही. माझ्या परवान्याची तारीख मी हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून पांढऱ्या रंगाने लिहून ठेवली आहे. पेटी रोज उघडावी लागते, तारीख रोज दिसते.